ऊन, प्रवेश विनामूल्य

सोलापुरात एप्रिल-मेच्या दुपारी रस्त्यावर दोघंच दिसायचे. एक म्हणजे डांबरानं पाय भाजतात म्हणून पळत सुटलेलं कुत्रं, आणि दुसरे आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर. कुत्रं सावली दिसली की थांबायचं. सर मात्र सावलीतून उठून मुद्दाम उन्हात जाऊन उभे राहायचे. डोक्यावर ओला पंचा, हातात काळी छत्री, गळ्यात आवाज टिपायचं छोटं यंत्र आणि कानांवर भलेमोठे हेडफोन. असा माणूस भर दुपारी होटगी रोडच्या कडेला डोळे मिटून उभा दिसला तर कोणीही जे म्हणेल तेच मी म्हणायची. "गेलं. डोकं गेलं यांचं."

मी त्या शाळेत क्लार्क. पूर्व भागात, यंत्रमागांच्या गल्ल्यांमध्ये आमची शाळा. इकडे पोरं पाढे म्हणतात, भिंतीपलीकडे माग खटखटत असतात, आणि बाहेरच्याला कळत नाही कोण कोणाला ताल देतंय. माझी जीभ तिखट. सासूबाईंपासून शिपायापर्यंत कोणालाही विचारा. सरांची थट्टा करण्यात मी कधी हात आखडता घेतला नाही. आता ते सोलापुरात नाहीत, वैरागला धाकट्या बहिणीकडे राहायला गेलेत. हे त्यांनी वाचलं तर म्हणतील, "शब्द फार झाले, मॅडम. जरा गप बसून ऐकलं असतंत तर निम्म्यात भागलं असतं."

गप बसवणं हा त्यांचा मूळ धंदा, चित्रकला त्यानंतरची. मध्येच बोट वर करायचे आणि म्हणायचे, "शूऽऽ. ऐका." वर्गात, प्रार्थनेच्या रांगेत, स्टाफरूममध्ये चहा ओतता ओतता. सगळे थांबायचे. काही ऐकू यायचं नाही. "काय सर?" असं कोणी विचारलं की सर म्हणायचे, "माठ पाझरतोय." पुन्हा सगळे थांबायचे, आणि खरंच, कोपऱ्यातल्या माठाखालच्या ताटलीत एक थेंब पडल्याचा आवाज यायचा. चहा तोवर निवलेला असायचा. पोरांनी त्यांचं नावच शूसर पाडलं होतं.

त्यांच्या वर्गात कोणी पंखा लावायचा नाही. "पंखा ऊन खातो," म्हणायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, "मग खाऊ द्या की सर, कोणीतरी खायलाच पाहिजे!" त्यावर ते अगदी गंभीरपणे माझ्याकडे बघत राहिले. माझ्या बोलण्यात काही तथ्य आहे का, ते तपासत होते बहुतेक. विनोद कळायला त्यांना दोन दिवस लागायचे. तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारात येऊन हसायचे आणि निघून जायचे. तोवर मी काय बोलले होते तेही मला आठवायचं नाही.

दरवर्षी मार्चमध्ये ते पाचवीच्या पोरांना एकच विषय द्यायचे, 'दुपार'. अट एवढीच, की पिवळा खडू डब्यातून बाहेर काढायचा नाही. "ऊन पिवळं नसतं. कोणी सांगितलं तुम्हाला पिवळं असतं? जाऊन बघून या." पहिल्या दिवशी पोरं कोरे कागद घेऊन रडकुंडीला यायची. मग हळूहळू यायला लागायचं. एकानं हातगाडीखाली जीभ काढून पडलेलं कुत्रं काढलं. एकीनं नळ काढला, नुसता नळ, थेंबसुद्धा नाही. एका पोरानं डांबरात रुतून राहिलेली एकच चप्पल काढली होती. ते चित्र सरांनी ऑफिसात माझ्या टेबलासमोर लावलं. मी म्हटलं, "सर, इथं थोरांचे फोटो लावतात." ते म्हणाले, "ही चप्पल ज्याची आहे तो पुढं अनवाणी गेला असेल. विचार करा जरा." आता चप्पलेचा काय विचार करायचा! पण ते चित्र समोर असायचं आणि पगारबिलं करता करता डोळे तिकडे जायचेच. दुसरी चप्पल त्यानं घातली असेल की हातात घेतली असेल, यावर माझी एक अख्खी दुपार गेलेली आहे.

उन्हाला त्यांनी नावं ठेवली होती. म्हणजे दोष नव्हे, खरोखरीची नावं. सकाळी आठपर्यंतचं कोवळं, मग उघडं, मग चरचरीत. बारा ते दोनपर्यंतचं आंधळं, कारण तेव्हा सावल्या पायाखाली जातात आणि कशालाच आकार राहत नाही. आणि अडीचच्या सुमाराला वैशाखात एक ऊन पडतं, ते मुकं.

"मुक्या उन्हात काय होतं सर?" एकदा मी विचारलं. खरं तर चिडवायलाच विचारलं होतं.

सर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "आधी कावळा थांबतो. मग होला. मग कुठंतरी वीज जाते आणि माग थांबतात, एक गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी. बायका बोलायच्या थांबतात. तान्ही बाळं रडायची थांबतात, मॅडम, दमून. मग गावात कोणीच उरत नाही. नुसतं ऊन उरतं. ते आपल्याशी बोलायला येतं, आणि त्याला बोलता येत नाही."

असं बोलायला लागले की त्यांचा आवाज खाली खाली जायचा, आणि ऐकता ऐकता मलाही गुंगी आल्यासारखं व्हायचं. खिडकीबाहेरचं पटांगण पांढरं होऊन हलायला लागायचं, झेंड्याचा खांब पाण्यात उभा असल्यासारखा वाकडा दिसायचा. मग फोन वाजायचा. मी दचकून "हॅलो" म्हणायची, तेव्हा सर उठून गेलेले असायचे.

त्या मुक्या उन्हाच्या मागं ते वर्षानुवर्षं होते. आवाज टिपायचे आणि चित्रीकरणही करायचे. कॅमेऱ्याला ओलं फडकं गुंडाळून तो रस्त्यावर जमिनीलगत ठेवायचे आणि लांबवर डांबरावर थरथरणारी हवा टिपायचे. एका भिंतीची सावली आत सरकत सरकत नाहीशी होते, एवढंच तीन तासांचं चित्रीकरण त्यांनी मला दाखवायला आणलं होतं. मी दहा मिनिटांत घोरायला लागले. सरांना त्याचा कोण आनंद झाला! म्हणाले, "बरोबर. तुम्हाला पोचलं."

आवाजासाठी मात्र त्यांना सगळ्यात प्रिय जागा होती आमची किचनशेड.

किचनशेड म्हणजे पटांगणाच्या कोपऱ्यात, तीन बाजूंनी विटा आणि वर पत्रा. खिडकी एक, तीही पोत्यांच्या थप्पीनं झाकलेली. तिथं आमच्या अक्का पोरांची खिचडी शिजवायच्या. अक्का विणकरांच्या घरातल्या, घरात तेलुगू, बाहेर आमची सोलापुरी मराठी, आणि रागावल्या की दोन्ही एकदम. त्यांचा एक नेम होता. कामाला हात लावायच्या आधी कोपऱ्यात पाटावर बसून पोटभर खायचं. भाकरी घरून बांधून आणायच्या. "उपाशी बाईनं पोरांचं रांधू न्हाय," म्हणायच्या. "रांधणारीच्या पोटात भूक असली की तिची नजर पातेल्यात पडती. मग ते अन्न पोरांच्या अंगी लागत न्हाय." नवी मदतनीस आली की आधी तिला बसवून खायला घालायच्या, मगच चमचा हातात द्यायच्या.

त्या शेडमध्ये सर पत्र्याला पावलीएवढी पितळी चकती चिकटवायचे, तिची वायर यंत्राला जोडायचे आणि पोत्यांवर डोळे मिटून बसायचे. एकदा त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. आधी टक्. मग टक् टक्. मग कुणी झोपेत कण्हावं तसा लांबलचक आवाज. मी हेडफोन काढले. "पत्रा तापतोय, दुसरं काय?" सर म्हणाले, "हां. पत्रा तापतोय. आणि खाली माणूस आहे."

"सरांचं ध्यान चाललंय, गप बसा गं," असं अक्का मदतनिसीला सांगायच्या आणि हसायच्या. त्यांची सरांवर माया होती.

आता सोमवारचं सांगायला पाहिजे.

एप्रिल होता. अक्का शेगडीपाशी पडल्या. सर तिथंच होते, त्यांनी आणि शिपायानं उचलून बाहेर निंबाखाली आणलं. डोळे फिरलेले, अंग कोरडं ठणठणीत आणि तव्यासारखं तापलेलं. दवाखान्यात दोन दिवस सलाइन लागलं, जीव वाचला. पण त्याच संध्याकाळी संस्थेला अहवाल द्यायचा होता. मुख्याध्यापक हैराण झालेले. "उन्हानं म्हणून लिहिलं तर शेडची चौकशी लागेल," म्हणाले. "आज वार कोणता?" मी म्हटलं, "सोमवार." "मग सोमवारचा उपवास असेल की. बायकांचे असतातच. लिहा, उपवासामुळे चक्कर."

मी लिहिलं. शेड ऑफिसपासून पन्नास पावलांवर, अक्कांचा नेम शाळेतल्या पहिलीच्या पोरालाही ठाऊक, आणि मी लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे. 'सोमवारचा उपवास असल्यामुळे अशक्तपणा येऊन चक्कर आली.' जावक नंबर टाकला, शिक्का मारला.

संस्थेनं ते वाचून काय करावं? उपास-तापास करून शेगडीपुढं उभ्या राहतात, उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची, असं म्हणून अक्कांना कामावरून कमी केलं. आठवड्यानं त्या ऑफिसात आल्या. गालफडं बसलेली. म्हणाल्या, "मॅडम, उपास कुणी लिवलं?"

"वरनं आलंय अक्का," मी म्हटलं.

"काम गेलं तर गेलं. पण गल्लीतल्या बायका मला विचारतेत, अक्का, उपाशी हातानं आमच्या पोरांना घातलीस होय? मी काय सांगू त्यांना?"

मी पगारबिलात डोकं घातलं. त्या निघून गेल्या. हे लिहिताना आजही मला स्वतःची शरम वाटते. वाटायलाच पाहिजे.

त्या दिवशी पत्र्याला चकती लावलेली होती आणि यंत्राचा माईकही चालू होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सरांच्या आलं होतं. ते यंत्र घेऊन संस्थेच्या सचिवांकडे गेले. परत आल्यावर ऑफिसात पाणी प्यायले आणि म्हणाले, "सचिव दोन मिनिटं ऐकून म्हणतात, नुसती खरखर आहे. आणि म्हणतात, सोलापूरला ऊन काय नवीन आहे का सर?"

"मग?" मी विचारलं.

"त्यांच्या केबिनमध्ये एसी आहे. तिथं ते ऐकू येणारच नाही. चूक माझीच. ऐकू येईल अशी खोली बांधायला पाहिजे."

एवढंच. मला काही बोलले नाहीत. अक्षर माझं आहे हे त्यांना कळलेलं असणारच. एक मात्र झालं, त्या सोमवारनंतर त्यांच्या तोंडून 'शूऽऽ' आलं नाही. माठ पाझरत राहिला, चहा गरम गरम संपायला लागला. मला वाटलं, माझ्यावरच्या रागानं आम्हा सगळ्यांनाच टाकलंय. मेअखेरीस ते निवृत्त झाले, शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमालासुद्धा आले नाहीत.

डिसेंबरात एक दिवस दारात उभे. "मॅडम, खोली झाली. मदत पाहिजे. याल?"

नाही कशी म्हणणार? रविवारी गेले. बंद पडलेली मागाची शेड त्यांनी मिळवली होती. माग कधीच भंगारात गेलेले, जमिनीवर तेलाचे डाग तेवढे राहिलेले. खिडक्या पोत्यांनी बंद केलेल्या, आणि आत चारी भिंतींना आणि वरही पांढरं मांजरपाट ताणून बांधलेलं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाकडून चार प्रोजेक्टर आणले होते. स्पीकर एका डीजेवाल्याचे. तो बिचारा मनापासून विचारत होता, "सर, बेस वाढवू का? पब्लिक हलली पाहिजे." सर म्हणाले, "उन्हाला बेस नसतो रे. आणि कोणी हललं नाही पाहिजे." ते स्पीकर त्यांनी वर, थेट डोक्यांच्या वर टांगून घेतले. डीजेवाल्यानं माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला.

"पण सर, ऊन दाखवायचं तर डिसेंबरात कशाला?"

"उन्हाळ्यात ऊन कोण ऐकेल? तेव्हा सगळे त्यातच असतात."

पत्रकं त्यांनी स्वतः रंगवून छापून घेतली होती. राखाडी कागदावर हे एवढं मोठं पांढरं अक्षर: ऊन. खाली बारीक अक्षरात: पाहा. ऐका. तीन दिवस, दुपारी अडीच वाजता. प्रवेश विनामूल्य. मी आणि डीजेवाल्याच्या माणसांनी नवी पेठेत, साखर पेठेत, जिथं मिळेल तिथं ती वाटली. सर म्हणाले होते, वीसेक माणसं आली तरी पुष्कळ झाली. सचिवांना त्यांनी घरी जाऊन आमंत्रण दिलं होतं. शाळेत इतकी वर्षं काढलेला माणूस दारात आला म्हणून सचिव हो म्हणाले.

पहिल्याच दिवशी सव्वादोनला शेडसमोर शंभरावर माणूस. बहुतेक बायका, आणि प्रत्येकीच्या हातात रिकामी पिशवी. मला आधी काही उमगेना. एक म्हातारी माझा हात धरून म्हणाली, "ऊन कां है बेटी? नवासे को टोपी बनाना है." मागून एकीनं मैत्रिणीला तेलुगूत काही सांगितलं, त्यातलं 'उन्नि' मला कळलं. तिसरी विचारत होती, "उण्णे गुलाबी रंगात हाय काय हो?" आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अहो, सोलापूर हे! इथं चार भाषा नांदतात. दखनीत ऊन म्हणजे लोकर, तेलुगूत उन्नि म्हणजे लोकर, कन्नडमध्ये उण्णे म्हणजे लोकर. एकट्या मराठीतच तेवढं ऊन म्हणजे ऊन. त्यात थंडीचे दिवस, आणि पत्रकावर 'विनामूल्य'! सबंध पूर्व भाग फुकटची लोकर न्यायला आला होता.

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सरांना जाऊन सांगितलं. या वेळी त्यांना दोन दिवस लागले नाहीत, तिथल्या तिथं पोट धरून हसले. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच बघितलं. मग डोळे पुसून म्हणाले, "आत बसवा सगळ्यांना. लोकर न्यायला आल्यात म्हणजे थंडी वाजतेय. अशाच माणसांना ऊन कळतं."

मी बायकांना सांगितलं, लोकर नाही, पण आलाच आहात तर बसा, सिनेमासारखं काहीतरी आहे. निम्म्या कुरकुरत गेल्या, निम्म्या बसल्या. सतरंज्यांवर दाटीवाटीनं, शालीत गुरफटून. सचिव पुढं खुर्चीवर, अंगात स्वेटर आणि गळ्याला मफलर. दार लावणार, इतक्यात एक बाई पिशवी काखेत मारून घाईनं आत आली आणि माझ्या शेजारी टेकली. अक्का. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. लेकीच्या बाळाला कुंची विणायची होती, त्या उन्नि न्यायला आल्या होत्या. मला बघून त्यांनी मान हलवली आणि समोर बघत बसल्या. मला उठून जावंसं वाटलं, पण दिवे गेले.

आधी सगळीकडे फिकट उजेड. कुठूनतरी अंगण झाडल्याचा आवाज. होला घुमला, नळाला पाणी आलं, बादली भरली, एक माग सुरू झाला, मग दुसरा, मग सगळी गल्ली. भिंतींवर भिंती उमटल्या, आमच्याच गल्ल्यांतल्या, ओळखीच्या. एक पोरगी हळूच म्हणाली, "आई, आपलं दार." सावल्या सरकत सरकत आत गेल्या. उजेड वाढत गेला. डांबराचा रस्ता चारी बाजूंनी आला आणि थरथरायला लागला, आणि कापड श्वासागणिक हलत होतं म्हणून तर जास्तच. कुठं बसलोय, कापड कुठं संपतं, काही कळेना. जमीन पातळ झाल्यासारखी वाटत होती.

मग कावळा थांबला. होला थांबला. एकेक माग थांबत गेला. एक गल्ली, दुसरी, तिसरी. कावळा थांबला. होला थांबला. आणि मग काहीच नाही. ते काहीच नाही किती वेळ चाललं कोण जाणे. मला लहानपणाची एक दुपार दिसली, आईनं ओल्या फडक्यानं माझं कपाळ पुसलेलं. शेजारी कोणीतरी शाल काढली. कोणी पदरानं वारा घ्यायला लागलं. डिसेंबरात! सचिवांनी मफलर सोडला, मग स्वेटर डोक्यावरून ओढून काढला. मागून कोणी कुजबुजलं, "हीटर लावलाय काय रं?" डीजेवाला म्हणाला, "आईशप्पत न्हाय."

डोक्यावर वाजलं, टक्. टक् टक्. मग ते कण्हणं.

आणि त्यात अक्कांचा आवाज, अगदी जवळून, हसरा. "सर, चार घास खावा की. मी आत्ताच खाल्ली. खाल्ल्याबिगर मी पातेल्याला हात लावत न्हाय, ठावं हाय की तुमाला."

माझ्या शेजारी अक्कांनी माझं मनगट धरलं. ओळखून नव्हे, हाताला जे लागलं ते धरलं.

वर पत्रा वाजत राहिला. चमच्याचा आवाज, पातेल्याचा. बराच वेळ. मग पुन्हा त्यांचाच आवाज, पण आता जड. "सर... आज मला जरा कसं तरी..."

आणि सरांचा आवाज. "शूऽऽ. ऐका."

टक्. टक्. मग चमचा खाली पडला. मग माणूस पडल्याचा आवाज. त्यानंतर सरांची "अक्का! अक्का!" अशी हाक, आणि सगळं थांबलं.

दिवे लागले. सर दारापाशी उभे होते, हात बांधून, शिक्षा झालेल्या पोरासारखे. ते 'शूऽऽ' त्यांना कापता आलं असतं. एक बटण दाबायचं काम. आठ महिने ते यंत्रासमोर बसले होते, पाहिजे ते ठेवत, नको ते काढत, आणि ते त्यांनी ठेवलं होतं. शंभर माणसांसमोर, अक्कांसमोर. मला तेव्हा कळलं की ते माझ्यावर रागावलेलेच नव्हते. रागवायला त्यांना स्वतःपासून सवड कुठं होती?

मग मला बसवेना. उभी राहिले. तिखट जीभ टाळूला चिकटलेली. म्हटलं, "उपवास मी लिहिला. मुख्याध्यापकांनी सांगितला आणि मी न विचारता लिहिला. अक्का, वरनं काही आलं नव्हतं. ते माझं अक्षर आहे."

पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. अक्का जूनमध्ये परत कामावर आल्या. मला मेमो मिळाला, एक वेतनवाढ थांबली, मुख्याध्यापक माझ्याशी कामापुरतंच बोलतात. पोती हलवून शेडची खिडकी उघडली, पत्र्याला पांढरा रंग दिला. पत्रा मात्र तोच आहे. सचिव म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. सर वैरागहून फोन करून दर महिन्याला विचारतात, "पत्रा?" मी म्हणते, "तोच." मग ते फोन ठेवतात.

पण त्या दुपारी सचिव घाम पुसत खुर्चीतून उठले आणि मला म्हणाले, "बाई, हे लेखी द्या." कागद कुठला आणायचा? मी पत्रक उलटं केलं आणि सतरंजीवर बसून लिहायला घेतलं. अक्का शेजारी सरकून बसल्या. माझ्यावर चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "लिवलं ते वाचा."

मी वाचलं. "स्वयंपाकी बाईंचा त्या दिवशी उपवास नव्हता. अहवालातील तो मजकूर खोटा असून मी तो न विचारता लिहिला. त्यांना चक्कर शेडमधील उन्हामुळे आली. कामापूर्वी त्यांनी जेवण केले होते."

"जेवण म्हंजे काय? काय खाल्ली ते लिवा की."

"अक्का, अर्जात तसं लिहीत नाहीत."

"खोटं लिवायचं असलं की सोमवार घालता येतंय, आन् खरं असलं की भाकर घालता येत न्हाय होय?"

आसपासच्या बायका हसल्या. "सांगा," मी म्हटलं.

"जवारीची भाकर. शेंगाचटणी. वर कांदा."

मी लिहीत गेले. अक्का पेनाकडे बघत होत्या.

"भाकर किती लिवली?"

"एक."

"दोन खाल्ली होती."

मी 'एक' खोडलं आणि 'दोन' लिहिलं.